आपलं नाव, आपल्या अक्षरांत

"ताई, पाकिटावर सगळं मराठीत आहे. गटाचं नाव मराठीत, भाजणीची कृती मराठीत, गावाचा पत्तासुद्धा मराठीत. मग ही खालची एकच ओळ इंग्रजीत कशाला?"

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक नेहमीप्रमाणे दुपारची भांडी-धुणी उरकून ओसरीवर भरली होती. मध्यभागी चकलीच्या भाजणीची नवी पाकिटं ठेवलेली. प्रश्न विचारणाऱ्या काकू चौथी शिकलेल्या, पण हिशेबात पक्क्या. त्यांनी बोट ठेवलं होतं ते आमच्या वेबसाइटच्या पत्त्यावर.

मी सांगू लागले, "काकू, इंटरनेटचा पत्ता इंग्रजीतच असतो." वाक्य पूर्ण व्हायच्या आत मलाच वाटलं, खरंच असं आहे का? की कुणी सांगितलं म्हणून आपण धरून चाललोय?

त्या पत्त्याने आम्हाला आधीच एकदा रडवलं होतं. गटाच्या नावात 'ळ' आहे. इंग्रजीत 'ळ' नाही, म्हणून लिहिताना त्याचा 'ल' होतो. शेवटचा 'आ' एका 'ए'ने लिहायचा की दोन, यावरही वाद. समजा, एखाद्या गटाचं नाव 'जिव्हाळा' आहे. दहा बायकांना ते इंग्रजीत लिहायला सांगा, चार तऱ्हा निघतील आणि वाचणारा वाचेल 'जिव्हाला'! गिऱ्हाईक आम्हाला शोधायचं आणि तिसरीकडेच पोचायचं.

त्यावर कडी म्हणजे, ओळखीतल्या ज्या मुलाने वेबसाइट करून दिली, त्याने पत्ता स्वतःच्याच नावावर नोंदवला होता. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण तो नोकरीला बाहेरगावी गेला, वर्षाचे पैसे भरण्याच्या सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर येत राहिल्या आणि मुदत टळली. मग ते नाव भलत्याच कुणी तरी घेतलं. आमची पाचशे छापील पाकिटं घरात आणि त्यावरचा पत्ता उघडला, की कुठल्याशा जाहिराती! नवा पत्ता घेऊन पुन्हा पाकिटं छापावी लागली. नाव हातचं जाणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. म्हणून काकूंच्या प्रश्नाचा माग काढायचं ठरवलं. जे समजलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

नाव आणि नंबर

मैत्रिणींनो, आपण मोबाइलमध्ये 'आई' असं नाव दाबतो आणि फोन मात्र दहा आकडी नंबरला लागतो. इंटरनेटचंही तसंच आहे. तिथे प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर असतो. माणसाला नंबर लक्षात राहत नाहीत, म्हणून त्याला नाव देतात. त्या नावाला म्हणतात डोमेन नेम. 'डॉट कॉम', 'डॉट ओआरजी', 'डॉट इन' ही त्या नावाची शेवटची टोकं, आपल्या आडनावांसारखी.

ही आडनावं कुणी ठरवली, माहीत आहे? त्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. तिचं नाव एलिझाबेथ फाइनलर. शिक्षण रसायनशास्त्राचं. १९७२ पासून अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ती या जाळ्याचं माहिती केंद्र सांभाळत होती. त्या काळी जाळ्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची एकच यादी होती आणि ती या केंद्रात ठेवली जायची. नवं नाव हवं असेल, तर या केंद्राकडे मागायचं. पुढे यादी हाताबाहेर वाढली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची नवी पद्धत आखली आणि फाइनलरबाईंच्या गटाने कॉम, ईडीयू, ओआरजी यांसारखी टोकं ठरवण्याचं काम केलं. जगभरच्या इंटरनेटची पत्त्यांची वही एका बाईच्या टेबलावर होती, हे वाचून मला फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं घरादाराचे पत्ते, वाढदिवस, देणी-घेणी तोंडपाठ ठेवणाऱ्या आपणच नाही का!

ही वही आता कुणाकडे?

पुढे बरीच वर्षं जॉन पोस्टेल नावाचे शास्त्रज्ञ हा कारभार बघत होते. १९९८ मध्ये ते वारले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात 'आयकॅन' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. जगातल्या सगळ्या डोमेन नावांची मूळ यादी, म्हणजे झाडाचं मूळ म्हणा ना, तिच्या देखरेखीखाली असते. नवं टोक द्यायचं की नाही, कुणाला द्यायचं, कुठल्या नियमांनी द्यायचं, हे तिथे ठरतं.

मात्र अमेरिकेच्या सरकारचा त्यावर वरचष्मा होता. मूळ यादीत बदल करायचा, तर त्यांच्या वाणिज्य खात्याशी असलेल्या कराराच्या चौकटीतच. जगभरातून याला हरकत घेतली गेली. इंटरनेट सगळ्यांचं आणि किल्ली एकाच घरात, हे कसं? २००३ मध्ये जिनिव्हाला आणि २००५ मध्ये ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांच्या शिखर परिषदा झाल्या, त्यात यावर खडाजंगी झाली. त्यातून दरवर्षी भरणारी एक खुली सभा निघाली, इंटरनेट गव्हर्नन्स फोरम. पहिली २००६ मध्ये अथेन्सला भरली आणि तिसरी आपल्याकडे हैदराबादला, डिसेंबर २००८ मध्ये. मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता, तरी ती सभा पार पडली. विषय होता 'सर्वांसाठी इंटरनेट'.

भारताचं म्हणणंही काळाबरोबर बदललं. २०११ मध्ये आपल्या सरकारने संयुक्त राष्ट्रांत सांगितलं, की हा कारभार बघायला देशांची एक समिती असावी. २०१५ मध्ये मात्र भारताने भूमिका बदलली. सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ, सामाजिक संस्था आणि साधे वापरणारे, सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यावेत, याला पाठिंबा दिला. १ ऑक्टोबर २०१६ पासून अमेरिकी सरकारचा तो करारही संपला. आता आयकॅन या सगळ्या मंडळींच्या चर्चेतून चालते. २०२२ मध्ये तिच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षपदी तृप्ती सिन्हा यांची निवड झाली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडे दूर, आपल्याला काय त्याचं? एक उदाहरण सांगते. 'डॉट ओआरजी' हे टोक जगभरच्या सामाजिक संस्था वापरतात. ते सांभाळणारी संस्था २०१९ मध्ये एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरलं. किंमत एक अब्ज डॉलरच्या वर. आपलं वर्षाचं भाडं वाढेल, आपल्या बोलण्यावर बंधनं येतील, अशी भीती संस्थांना वाटली. जगभरातून पत्रं गेली, निषेध झाले. ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने त्या व्यवहाराला नकार दिला. म्हणजे सामान्यांचा आवाज तिथेही पोचतो. पण आवाज काढावा लागतो.

इंग्रजीच का?

काकूंच्या प्रश्नाकडे येऊ. इंटरनेट अमेरिकेत जन्मलं, म्हणून पत्त्यांसाठी फक्त इंग्रजीची २६ अक्षरं, दहा आकडे आणि एक आडवी रेघ एवढंच चाले. जगातले कोट्यवधी लोक ती अक्षरं वापरतच नाहीत, हा विचार तेव्हा झाला नाही. नुसत्या मराठीचं बघा. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत.

यंत्रणा सगळी बदलायची, तर जगभरचं इंटरनेट मोडलं असतं. म्हणून तंत्रज्ञांनी २००३ मध्ये एक युक्ती पक्की केली. तुम्ही तुमच्या लिपीत नाव लिहायचं. पडद्यामागे त्याचं इंग्रजी अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात आपोआप भाषांतर होतं. आपण 'भारत' लिहितो, यंत्र वाचतं 'एक्स एन, दोन आडव्या रेघा, एच टू बी आर जे नाइन सी'. आपल्याला ते दिसायचीही गरज नाही. स्वयंपाकघरात काय खटाटोप चालला, हे पानावर बसलेल्याला कुठे कळतं, तसंच हे.

पण ही सोय आधी नावाच्या मधल्या भागापुरतीच होती. शेवटचं टोक इंग्रजीतच. म्हणजे नाव मराठी आणि आडनाव परक्याचं! ऑक्टोबर २००९ मध्ये सोलच्या बैठकीत आयकॅनने देशांच्या नावांची टोकं त्यांच्या लिपीत द्यायचं मान्य केलं. मे २०१० मध्ये पहिली टोकं सुरू झाली. इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीची अरबी लिपीत, पाठोपाठ रशियाचं रशियन लिपीत.

सगळ्यांना हे सुखासुखी मिळालं नाही. बल्गेरियाने आपल्या देशाच्या नावातली दोन अक्षरं त्यांच्या सिरिलिक लिपीत मागितली. २०१० मध्ये उत्तर आलं, नाही. का? तर ती ब्राझीलच्या इंग्रजी टोकासारखी दिसतात, लोक फसतील. आपलं नाव आपल्या लिपीत लिहायचं आणि ते दुसऱ्यासारखं दिसतं म्हणून नाकारलं जायचं, याचा त्या लोकांना राग येणारच. त्यांनी हट्ट सोडला नाही. फेरविचार होऊन २०१४ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१६ मध्ये ते टोक सुरू झालं.

डॉट भारत आणि आपला 'ऱ्य'

भारताला २०११ मध्ये सात लिप्यांतली टोकं मंजूर झाली. त्यातलं देवनागरीतलं '.भारत' २७ ऑगस्ट २०१४ रोजी लोकांसाठी खुलं झालं, हिंदी, मराठी, कोकणीसह आठ भाषांकरता. आता २२ अनुसूचित भाषांसाठी 'भारत'ची पंधरा रूपं आहेत. या सगळ्याची आणि 'डॉट इन'ची व्यवस्था 'निक्सी' ही संस्था बघते. म्हणजे काकूंचं बरोबर होतं! पत्ता मराठीत असू शकतो, आणि तो २०१४ पासून मिळतो आहे. आम्हालाच ठाऊक नव्हतं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आपल्या अक्षरांची. देवनागरी म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे हिंदी येते. पण मराठीचे काही दागिने वेगळे आहेत. आपला 'ळ'. 'ॲड' किंवा 'ॲप' लिहायला लागणारा 'ॲ'. त्याला कॉम्प्युटरच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, स्वतःची जागा मिळाली ती थेट २००८ मध्ये. आणि आपला तो 'ऱ्य', पापणीच्या केसासारखा वाकडा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या. एका रेघेत पाणी आणि डोंगर बदलतात!

कुठल्या लिपीतली कुठली अक्षरं टोकाच्या नावात चालतील, याचे नियम करायला ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांसाठी एक तज्ज्ञ गट बसला. त्यात पुण्याच्या सी-डॅकमधली मंडळीही होती. देवनागरीचे नियम २०१९ मध्ये जाहीर झाले. त्यात 'ऱ्य' आणि 'ऱ्हास'मधला 'ऱ्ह' आवर्जून सामावून घेतले आहेत. कुणी तरी तिथे बसून 'आमच्याकडे हे अक्षर लागतं' असं सांगितलं, म्हणून ते राहिलं. सांगणारं कुणी नसतं, तर गेलं असतं. घरातही असंच असतं ना? जी बोलत नाही, तिला काय हवं ते कुणी विचारत नाही.

नाव मिळालं, पण दार उघडेना

हे सगळं कळल्यावर आम्ही उत्साहाने मराठी पत्ता घेतला. ई-मेलही मराठीत करून घेतला. एका प्रदर्शनात स्टॉल मिळावा म्हणून ऑनलाइन अर्ज भरायला बसलो. ई-मेलच्या चौकटीत मराठी पत्ता लिहिला. लगेच लाल अक्षरांत उत्तर, 'योग्य पत्ता लिहा'. पुन्हा लिहिला, पुन्हा तेच. शेवटी भाचीचा इंग्रजी ई-मेल दिला, तेव्हा अर्ज पुढे सरकला. काकू म्हणाल्या, "म्हणजे नाव खरं, पण दारावरचा माणूस आत घेत नाही."

अगदी हेच आज जगभरचं दुखणं आहे. नियम झाले, नावं मिळाली, पण वेबसाइट आणि अर्ज तयार करणारे अजूनही मनात इंग्रजी पत्ताच धरतात. कुठल्याही लिपीतलं नाव सगळीकडे चाललं पाहिजे, या आग्रहाला 'युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स' म्हणतात, म्हणजे सगळीकडे सारखा स्वीकार. २०२३ पासून त्यासाठी दरवर्षी एक दिवस पाळला जातो. आपल्याकडे २१ मार्च २०२४ रोजी दिल्लीत 'भाषानेट' हा उपक्रम याचसाठी सुरू झाला. राजस्थान सरकारने तर २०१७ मध्येच नागरिकांना हिंदीतला ई-मेल पत्ता देऊ केला होता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदच आहे. पण अभिजात भाषेतला ई-मेल साध्या अर्जात चालू नये, हे मनाला लागतं.

पत्ता उलटा वाचायला शिका

एक धोक्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. लिप्या वाढल्या, तशी फसवणुकीची वाटही वाढली. २०१७ मध्ये एका संशोधकाने सिरिलिक अक्षरं वापरून ॲपल कंपनीच्या पत्त्यासारखा हुबेहूब दिसणारा पत्ता करून दाखवला. डोळ्याला फरक कळत नव्हता. मोबाइलच्या बारीक अक्षरांत आपला 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' तरी कुठे चटकन ओळखू येतात?

म्हणून एक सवय लावून घ्या. पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. पुढे पहिली एकटी तिरपी रेघ दिसेल, तिथे थांबा आणि तिथून मागे या. खरं घराणं त्या शेवटच्या टोकात असतं, पुढच्या गोड नावात नाही. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते 'बँक डॉट इन' या टोकावर न्यायला सांगितलं होतं. हे टोक फक्त बँकांनाच मिळतं. बँकेच्या नावाने लिंक आली आणि 'बँक डॉट इन' शब्द मध्येच कुठे तरी असून शेवट भलताच असला, तर हात लावू नका. चुकून फसलातच, तर लाजून घरात लपवू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

आपण काय करायचं?

तुमच्या गटाचा, दुकानाचा, शिकवणीचा पत्ता घ्यायचा असेल, तर तो गटाच्या किंवा स्वतःच्या नावावरच नोंदवा. पुतण्याच्या, भाच्याच्या किंवा वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नको. डोमेन नाव विकत मिळत नाही, ते वर्षाच्या भाड्यावर असतं. जमल्यास एकदम दोन-तीन वर्षांचं भरा आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, गॅसच्या नंबरासारखी. पासवर्ड दोघीजणींकडे असू द्या. शक्य असेल, तर इंग्रजी आणि मराठी दोन्ही पत्ते घ्या. आणि एखाद्या अर्जात मराठी ई-मेल चालला नाही, तर गप्प बसू नका. त्या कार्यालयाला चार ओळी लिहून कळवा. दहा जणींनी कळवलं, तर अकरावीला त्रास होणार नाही.

आम्हीही त्या प्रदर्शनवाल्यांना पत्र लिहिलं. मजकूर काकूंनी सांगितला, मी फक्त उतरवून घेतला. उत्तर अजून आलेलं नाही. आठवण करून देणारं दुसरं पत्रही तयार आहे.

गेल्या आठवड्यात नवी पाकिटं छापून आली. खालच्या ओळीत आता दोन पत्ते आहेत, एक इंग्रजी आणि त्याच्या वर मराठी. गटाच्या नावातला 'ळ' अगदी ठसठशीत. काकूंनी पाकीट हातात घेतलं, चष्मा लावला आणि ती ओळ मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचली. शेवटच्या 'भारत'पर्यंत. मग म्हणाल्या, "हां. आता कळलं आपण कुठं राहतो ते."